आईला महालक्ष्म्यांसाठी गावी न्यावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. आई ६७ वर्षांची. अंडाशयाचा कॅन्सर. केमोच्या फेऱ्या झाल्या, पण आता डॉक्टरांनी सांगितलंय की पुढे केमो देऊन उपयोग नाही, घरी न्या आणि त्रास होणार नाही एवढं बघा. पोटात पाणी साठतं, ते अधूनमधून काढावं लागतं. आई नागपूरला तुमच्याकडे आहे, वडील दारव्हा तालुक्यातल्या गावी शेती सांभाळून आहेत. गेल्या वर्षी केमो चालू होती म्हणून काकूंनीच महालक्ष्म्या उरकून घेतल्या. यंदा आईचा धोशा सुरू आहे : "महालक्ष्म्या मले माह्या हातानं बसवाच्या हायेत, गावच्या घरात." अमरावतीची बहीण म्हणते, वाटेत काही झालं तर? बेंगळुरूचा भाऊ म्हणतो, दिवाळीत सगळे मिळूच की. आजार कुठवर आलाय हे आईला स्पष्ट कुणी सांगितलेलं नाही. महालक्ष्म्यांना महिना-सव्वा महिना आहे. न्यावं का, नेलं तर काय तयारी करावी, असं तुम्ही विचारलंय.

मी वर्धा-यवतमाळ भागात पॅलिएटिव्ह केअरचं काम करते. बरा न होणारा आजार असलेल्या माणसांकडे घरी जाऊन दुखणं, उलट्या, दम, जखमा हे सगळं आटोक्यात ठेवणं हे माझं रोजचं काम. तुमच्यासारखा प्रश्न मला दर श्रावणात कुणी ना कुणी विचारतंच. माझं उत्तर आधी सांगते : न्या. आणि महालक्ष्म्यांच्या आदल्या दिवशी नेऊ नका, पोळ्याच्या आधी न्या.

पोळ्याच्या आधी का, ते सांगते. श्रावण अमावास्येला पोळा, त्यानंतर साधारण आठवड्याभरानं अनुराधा नक्षत्रावर महालक्ष्म्या येतात. आईला खांदमळणीच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवसाच्या, आधी गावी पोचवलंत तर तिच्या वाट्याला दोन सण येतात. ओसरीवर खाट टाकली तर बैलांची जोडी दारात येईल, ती खाटेवरूनच ओवाळेल, दुसऱ्या दिवशी नातवंडं तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेऊन तिच्यापुढे येतील. महालक्ष्म्यांपर्यंत तब्येतीनं साथ दिली तर उत्तमच. नाही दिली तरी ती घरी पोचलेली असेल, गावानं तिला पाहिलेलं असेल. सगळी भिस्त एका तिथीवर ठेवायची आणि तिथीच्या दोन दिवस आधी पोटात पाणी भरून दवाखान्यात दाखल व्हायची वेळ यायची, हे मी पुष्कळ घरांत पाहिलंय. मग सणाच्या दिवशी मुलं वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेली असतात आणि गावात काकू रडत रडत नैवेद्य दाखवत असते.

दिवाळीची गोष्ट तर मनातून काढूनच टाका. किती दिवस उरलेत हे कुणीच छातीठोक सांगू शकत नाही, पण आम्ही कामात एक साधा अंदाज वापरतो. माणूस महिन्यामहिन्यानं खालावत असेल तर हातात महिने आहेत असं धरायचं, आठवड्याआठवड्यानं खालावत असेल तर आठवडे, आणि काल होतं ते आज जमत नाही असं असेल तर दिवस. तुम्ही लिहिलंय की जुलैमध्ये आई सोसायटीच्या आवारात फेरी मारायची, पंधरा दिवसांपूर्वी बाल्कनीपर्यंत यायची आणि आता संडासला जायलाही धरावं लागतं. हे आठवड्यांचं गणित आहे. भावाला हे असंच्या असं वाचून दाखवा. दिवाळीत मिळू असं तो आळसानं म्हणत नाहीये. लांब राहणाऱ्याला फोनवर आईचा आवाज तसाच ऐकू येतो, तिची पावलं त्याला दिसत नाहीत.

आता त्याहून महत्त्वाचं. "महालक्ष्म्या बसवायच्या" म्हणजे आईला नेमकं काय हवंय, हे तुम्ही तिला विचारलंय का? तुमच्या पत्रात तिचं ते एक वाक्य आहे, आणि त्यापुढे तुम्हा तिघा भावंडांनी बांधलेले अंदाज आहेत. सोळा भाज्या कोण करणार, पन्नास-साठ पानं कशी उठणार, फुलोरा कोण तळणार. हे सगळं तिनं मागितलंय असं मला कुठे दिसलं नाही.

एका घरची गोष्ट सांगते. बाई जवळपास तुमच्या आईच्याच वयाची, जबड्याचा कॅन्सर, बोलणं तुटक झालेलं. मुलांनी ठरवलं की आईची इच्छा म्हणजे सगळं पूर्वीसारखं थाटात व्हायला हवं. मंडपवाला सांगितला, आचारी सांगितला. बाई दिवसेंदिवस जास्तच गप्प होत चालल्या. मी गेले तेव्हा खाटेशी बसून विचारलं, "बाई, महालक्ष्म्यांतलं तुम्हाला स्वतःला काय करायचंय?" बराच वेळ गेला. मग त्यांनी कमरेची किल्ली दाखवली. मुखवट्यांच्या पेटीची किल्ली होती ती. त्यांना ती पेटी सगळ्यांसमोर धाकट्या सुनेच्या हातात द्यायची होती. थोरलीच्या घरी महालक्ष्म्या जाणार असं सगळ्यांनी गृहीत धरलेलं, कारण रीत तशी. पण थोरली नोकरीच्या गावी, तिला ते झेपणारं नव्हतं आणि नकोही होतं, फक्त बोलायचं कुणी. बाईंना भीती ही की आपण गेल्यावर यावरून दोघा भावांत वाकडं येईल. थाटमाटाशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं.

आवाहनाच्या संध्याकाळी ते झालं. बाईंना पाठीशी तक्क्या देऊन माजघरात बसवलं होतं. धाकटीनं पेटी उघडली, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेले पितळी मुखवटे बाहेर काढले. बाईंनी ज्येष्ठेचा मुखवटा मांडीवर घेतला, पदराच्या टोकानं कपाळावरचं जुनं कुंकू पुसलं आणि नथ उलटी लागली होती ती काढून नीट लावली. बोटं थरथरत होती, मळसूत्र फिरेना, पण कुणाला हात लावू दिला नाही. मग थोरलीला जवळ बोलावून तिच्या हातात कनिष्ठेचा मुखवटा दिला आणि धाकटीच्या हातात ज्येष्ठेचा. दोघींनी मिळून बसवायच्या, हे न बोलता सांगून झालं. पुढच्या वर्षापासून थोरली सुट्टी काढून धाकटीकडे येते.

म्हणून आधी विचारा. आणि विचारताना तिघं मिळून वेढा घालू नका, एकानंच विचारा, दुपारच्या निवांत वेळी. "आई, महालक्ष्म्यांतलं तुले सगळ्यात काय आवडते? यंदा तुह्या हातानं काय झालं पायजे?" एवढंच. मग थांबा. उत्तर यायला वेळ लागतो, आणि आपल्या लोकांना तो वेळ सोसत नाही, लगेच "तू काळजी नको करू, आम्ही सगळं करतो" असं तोंडातून निघतं. ते वाक्य गिळा. ती कदाचित म्हणेल साडी मी नेसवीन. कदाचित म्हणेल, पुरणात जायफळ मी किसीन. कदाचित म्हणेल, अमक्या जावेला बोलवा, जिच्याशी दहा वर्षं बोलणं नाही. जे म्हणेल ते लिहून ठेवा आणि सगळी तयारी त्याभोवती करा. बाकीचं काकूवर सोडा. गेल्या वर्षी त्यांनीच केलं, यंदाही त्या करतील, आणि आईला तसं वाटतही असेल की त्यांचा मान राहावा.

"आईला माहीत नाही" असं तुम्ही लिहिलंय. माझा अनुभव असा की शरीर ज्याचं त्याला कळतंच. आई ज्या तळमळीनं यंदाच, गावीच, माझ्याच हातानं म्हणतेय, त्यावरून तिला पुष्कळ कळलंय असं मी समजते. तिला बसवून निदान वाचून दाखवायची गरज नाही. पण तिनं सरळ विचारलं, "मी आता बरी होत नाही ना?" तर "असं काही बोलू नको" म्हणून तिचं तोंड बंद करू नका. "आई, आजार आता औषधाला दाद देत नाहीये, पण तुले दुखू देणार नाही आणि एकटं सोडणार नाही," असं म्हणता आलं तर म्हणा. रडू आलं तर रडा. तिच्यासमोर रडलं की तिची हिंमत जाते, ही समजूत चुकीची आहे. उलट सगळे कोरड्या डोळ्यांनी खोटं हसत असले की तिला स्वतःचं दुःख कुठे ठेवावं कळत नाही.

आता दुखण्याचं बघू, कारण दुखणं आटोक्यात नसेल तर सण-बिण सगळं व्यर्थ आहे. आईला सध्या मॉर्फीनच्या गोळ्या चालू आहेत, पण बहीण म्हणते "ती नशेची गोळी आहे, सवय लागेल, कमीत कमी द्या", म्हणून तुम्ही दुखणं सहन होईना झालं की मगच देता. हे आजपासून बदला. कॅन्सरच्या दुखण्यात मॉर्फीन घड्याळाप्रमाणे द्यायचं असतं. साधी गोळी असेल तर तिचा असर चार तासांचा, म्हणून दर चार तासांनी, आणि मधेच कळ आली तर डॉक्टरांनी सांगितलेला जादा डोस. रात्रीच्या डोसाचं कसं करायचं ते डॉक्टरांना विचारा, झोपमोड होऊ नये म्हणून ते वेगळी सोय करून देतात. दुखण्यासाठी योग्य मात्रेत घेतलेल्या मॉर्फीननं माणूस व्यसनी होत नाही आणि लवकर जातही नाही. सुरुवातीचे दोन-चार दिवस झापड येते, मळमळतं, ते निवळतं. निवळत नाही ते मलावरोध. म्हणून मॉर्फीनबरोबर पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवंच. बारा तासांची हळूहळू सुटणारी गोळी असेल तर ती कधीही तोडून, कुटून देऊ नका, सगळी मात्रा एकदम सुटते.

सणाच्या दिवशी हे घड्याळ जरा हुशारीनं लावा. गोळीचा असर जाणवायला अर्धा-पाऊण तास लागतो. आंघोळ घालायची, साडी बदलायची, माजघरात नेऊन बसवायचं, या प्रत्येक हालचालीला कळ येते. डोसाची वेळ त्याआधी पाऊण तास येईल असं बसवा. गुरुजींच्या मुहूर्तापेक्षा हा मुहूर्त तुमच्या कामाचा आहे.

आणि औषध नागपूरहूनच पुरेसं घ्या. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती झाली, त्यानंतर मान्यताप्राप्त रुग्णालयांना मॉर्फीन ठेवणं पूर्वीपेक्षा पुष्कळ सोपं झालं, पण तालुक्याच्या मेडिकलमध्ये ते मिळेल या भरवशावर राहू नका. तुकडोजी महाराज कॅन्सर रुग्णालय किंवा जिथून तुम्ही आत्ता घेता तिथूनच मुक्कामाला पुरून आठवडाभर उरेल एवढं मागा. सोबत चिठ्ठी आणि आजाराचा एका पानाचा गोषवारा ठेवा. गावी घरात नातवंडं असणार, तेव्हा गोळ्या कुलपात.

अंडाशयाच्या कॅन्सरमध्ये आतडं अडण्याचा धोका असतो, म्हणून हे नीट वाचा. शौचाला होत नाही, वारा सरत नाही, पोटात पिळून कळा येतात, हिरवट उलट्या होतात, यातलं काही दिसलं तर जुलाबाचं औषध वाढवू नका, आधी डॉक्टरांना फोन करा. आतडं थोडंफार अडत असेल तर पुरणपोळी, वडे, कटाची आमटी हे तिच्या पोटाला झेपणार नाही. पण महालक्ष्म्यांच्या नैवेद्यात ज्वारीची आंबील असतेच, पातळ कढी असते. तिच्या ताटात ती वाढा, चार चमचे का होईना. पुरणाचं तिला फारच वाटलं तर जिभेवर नखाएवढं टेकवू द्या. चव कळली म्हणजे झालं. "दोन घास तरी खा ना आई" हा आग्रह मात्र पाहुण्यांसह सगळ्यांना बंद करायला सांगा. या टप्प्यावर भूक आजारानंच मेलेली असते. न खाल्ल्यानं ती खालावत नाही, खालावत चालल्यामुळे तिला खावंसं वाटत नाही. आग्रहापायी खाऊन उलटी झाली तर त्रास तिलाच.

प्रवासाचं सांगते. नागपूर ते यवतमाळ दीडशे किलोमीटर, वर्ध्यावरून जाणारा तुळजापूर महामार्ग चांगला आहे. त्रास होईल तो शेवटच्या टप्प्यात, गावच्या रस्त्याच्या खड्ड्यांत. पोटात पाणी भरलेलं असेल तर निघण्याच्या एक-दोन दिवस आधी काढून घ्या, बसायला आणि श्वास घ्यायला तिला मोकळं वाटेल. गाडीत मागची सीट मोकळी ठेवून उशांच्या आधारानं अर्धवट टेकवा, सपाट झोपवलं की पोट छातीवर चढतं. निघण्याआधी मॉर्फीनचा डोस, उलटीचं औषध, वाटेत कळंब किंवा यवतमाळला एक मोठा थांबा. पहाटे निघा. भाद्रपदाच्या तोंडावर तुमच्याकडच्या नाल्यांना पूर येतो, तेव्हा वडिलांना आदल्या रात्री पुलावरून पाणी जातंय का ते बघायला सांगा. एक पाय अचानक जास्त सुजला, दुखू लागला, किंवा एकदम दम लागला तर तेवढ्यासाठी प्रवास थांबवून डॉक्टरांना दाखवा, रक्ताच्या गाठीची शक्यता असते.

वाटेत काही झालं तर, हा बहिणीचा प्रश्न उडवून लावू नका. होऊ शकतं. पण ते नागपूरच्या फ्लॅटमध्येही होऊ शकतं, आठवड्याभरात आणि तुम्ही झोपेत असताना. प्रवासानं आईचे दिवस कमी होतात असं मला माझ्या कामात कधी दिसलं नाही, दुखणं आणि पोट आधी सांभाळलं असेल तर. बहिणीशी वाद घालू नका, तिला काम द्या. औषधाची वही तिच्याकडे द्या : वेळ, गोळी, किती दुखतंय, शौचाला झाली का, किती झोप लागली. ज्याच्या हातात वही असते त्याची धास्ती कमी होते आणि डॉक्टरांनाही फोनवर नीट माहिती मिळते.

घराची तयारी वडिलांना आतापासून सांगा. आईची खाट अशा जागी हवी की महालक्ष्म्यांचे चेहरे तिला पडल्या पडल्या दिसतील, पण चुलीचा धूर आणि धूप-उदबत्ती थेट नाकात जाणार नाही. आमच्या भागातल्या जुन्या घरांत संडास मागच्या अंगणात, मधे दोन पायऱ्या आणि पावसाचा चिखल. रात्री तिला तिथे नेऊ नका, कमोडची खुर्ची भाड्यानं मिळते ती आणा. हवेची गादी आणणार असाल तर लाइट गेली की तिची मोटर बंद पडते हे ध्यानात ठेवा, इन्व्हर्टर हवा. गादी असो-नसो, दर दोन तासांनी कूस बदलायचीच, टाचा आणि माकडहाड रोज बघायचं. मच्छरदाणी आणा. दम लागला तर उशा उंच करून चेहऱ्यावर छोट्या पंख्याचा वारा द्या, त्यानं खरंच बरं वाटतं. तोंड कोरडं पडतं, ओल्या कापसानं पुसत राहा.

गाव भेटायला येणारच. येऊ द्या, तिला तेच हवंय. पण दाराशी एक माणूस ठेवा, शक्यतो गावातलाच, ज्याचं कुणाला वाईट वाटणार नाही. एका वेळी दोघी-तिघी, दहा मिनिटं. "काय हालत झाली वं माय तुही" म्हणून गळा काढणारी बाई प्रत्येक गावात असते. तिला आत जाण्याआधी बाहेरच चहा पाजा आणि सांगा, आत रडायचं नाही, जुन्या गोष्टी बोलायच्या. पूजनाच्या दिवशी हळदीकुंकवाला गर्दी होते, तेव्हा दुपारी दार लावून आईला तासभर झोपू द्या. मला तुम्हा भावंडांची खरी काळजी इथेच वाटते. घरातले सगळे एकत्र आले की सण आपल्यासाठीच होऊन बसतो, फोटो, गप्पा, जेवणावळी, आणि ज्याच्यासाठी जमलो ते माणूस खाटेवर थकून गेलेलं असतं. तिचा चेहरा वाचणारा एकजण कायम तिच्याजवळ असू द्या.

विसर्जनानंतर काय होतं ते आत्ताच सगळ्यांना सांगून ठेवा. सणापुरती माणसात कुठून तरी ताकद येते. मुखवटे हलले, सोळा गाठींचं सूत गळ्यात पडलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ती एकदम खाली जाऊ शकते. झोपूनच राहील, बोलणं कमी होईल. तेव्हा "पाहा, म्हणूनच आणायला नको होतं" हे वाक्य घरात कुणाच्याही तोंडून निघू नये. आजार त्याच्या चालीनं चाललेला असतो. तिनं उरलेली ताकद तिला हवी तिथे खर्च केली, एवढंच.

"मला परत नागपूरला नेऊ नका" असं ती म्हणाली तर? तुम्ही हे विचारलं नाही, पण बहुतेक जणी म्हणतात. निघण्याआधीच तिघांनी वडिलांसह बसून ठरवा : असं म्हणाली तर राहू द्यायचं की नाही. राहू द्यायचं ठरलं तर तालुक्याच्या किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना पोचल्या पोचल्या आईला दाखवून ठेवा, कागद दाखवा. घरी मृत्यू झाला तर मृत्यूच्या कारणाचा दाखला उपचार करणारे डॉक्टरच देतात, आणि ज्यांनी रुग्णाला कधी पाहिलेलं नाही ते द्यायला कचरतात, हे स्वाभाविक आहे. ग्रामपंचायतीत नोंद २१ दिवसांच्या आत करायची. शेवटच्या तासांत श्वास घरघरतो, हात-पाय गार पडतात, कुणी घाबरून १०८ ला फोन करतं आणि मग जिला घरी राहायचं होतं ती यवतमाळच्या अपघात विभागात पोचते. त्या वेळी काय करायचं नाही, हे आधी ठरलेलं असलं की माणसं शांत राहतात. व्हेंटिलेटर वगैरे नको असं आईलाच लिहून ठेवायचं असेल तर तशी कायदेशीर सोय आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये ती मान्य केली आणि २०२३ मध्ये सोपी केली : दोन साक्षीदारांसमोर सही आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याची साक्षांकित सही. घरीच राहायचं ठरलं असेल तर बहुतेक वेळा याची गरज पडत नाही, पण भावंडांत एकमत नसेल तर उपयोगी पडतं.

सुतकाचा विचारही काकूंच्या मनात असणार, फक्त आईसमोर त्या बोलणार नाहीत. महालक्ष्म्या बसलेल्या असताना काही झालं तर? याचं उत्तर माझ्याकडे मागू नका, तुमच्या घरच्या गुरुजींना आधीच विचारून ठेवा. प्रत्येक घरची रीत निराळी असते आणि बहुतेक गुरुजी समजुतीनं वाट काढून देतात. आधी विचारलेलं असलं की काकूंच्या मनावरचा ताण उतरतो, आणि त्या आईकडे अपशकुनाच्या नजरेनं बघत नाहीत. हे मी मुद्दाम लिहिते, कारण आजारी बाईला ती नजर बरोबर कळते.

आणि एवढं करूनही निघायच्या दिवशी तब्येतीनं दगा दिला, नेणं शक्यच नाही असं डॉक्टर म्हणाले, तर हट्ट करू नका. तिनं जे एक काम सांगितलं होतं ते तिच्यापर्यंत आणा. साडी तिच्या हातानं निऱ्या घालून गावी पाठवता येते. जायफळ नागपूरला किसून नेता येतं. मुखवटे हलवायची तुमच्या घरची रीत नसेल तर आवाहनाच्या वेळी फोनवर चित्र दाखवता येतं, काकूंनी पावलं उमटवत लक्ष्मी आत आणताना "लक्ष्मी आली" म्हणायचं आणि इकडून आईनं "सोन्याच्या पावलानं आली" म्हणायचं. वीसेक वर्षांत मी असंही पाहिलंय, आणि त्या घरच्या बाईला ते अपुरं वाटलं नव्हतं.

या आठवड्यातली कामं एवढीच. उद्या दुपारी आईला विचारा. परवापर्यंत कॅन्सरच्या डॉक्टरांची वेळ घ्या, पोटातलं पाणी निघण्याच्या किती आधी काढायचं, आतड्याची स्थिती काय आहे आणि गावी असताना फोन कुणाला करायचा हे तीन प्रश्न लिहून न्या. भावाला पोळ्याच्या आदल्या दिवशीचं तिकीट काढायला सांगा, परतीचं उघडं ठेवायला सांगा. आणि वडिलांना सांगा की माजघराला लागून जी खोली आहे तिथली तुरीची पोती हलवून ठेवा, आई येतेय.